गोष्टीतलं मूल कुठे वाढतं? (श्यामची आई, झोंबी, पाडस आणि माझी अडलेली कथा)

शेवंती

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

गेले सात-आठ महिने एक दीर्घकथा लिहितेय. गाव सोलापूर. ११ वर्षांची मुलगी, वडील वारलेले, आई घरी विड्या वळते, एक धाकटा भाऊ. चाळीसेक पानं झाली आणि कथा जागची हलेना. शेवटी मैत्रिणीला वाचायला दिली. ती एवढंच म्हणाली, "आई फार चांगली आहे गं. मुलीला करायला काही उरलंच नाही."

दोन दिवस राग आला, मग पटलं. माझ्या कथेतली आई दर वेळी योग्य तेच बोलते. मुलगी ऐकते, समजून घेते, शहाणी होते. वाढत मात्र नाही.

मग कपाटातली पुस्तकं काढली आणि एकच गोष्ट शोधत वाचली. संस्कार, शिकवण, माया हे सगळं बाजूला ठेवलं. आईबापांनी ठरवलं काय, आणि त्याने पोराचं काय झालं, एवढंच बघितलं.

आधी 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेलं, १९३५ साली छापून आलेलं, ४२ रात्रींत सांगितलेल्या गोष्टींचं. लहानपणी मला त्यात फक्त आई दिसली होती, यावेळी वडील दिसले. अळणी भाजीची रात्र आठवतेय ना? आई रताळ्याच्या पाल्याच्या भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात, मिठाबद्दल एक अक्षर काढत नाहीत. श्याम त्यांच्याकडे बघतो आणि तोही मुकाट जेवतो. आई शेवटी पानावर बसते तेव्हा तिला कळतं. जेवताना श्यामला कुणी काही शिकवलेलं नाही. वडिलांनी गप्प राहायचं ठरवलं आणि पोराने ते पाहिलं. याच वडिलांच्या डोक्यावर कर्ज साठत जातं, आणि एक दिवस सावकाराचा माणूस दारात येऊन आईला नको ते बोलतो. एकाच माणसाचं मौन आणि कर्ज, दोन्ही श्यामच्या वाट्याला आलं.

मग आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७). कागलचा आनंदा. वडिलांना तो दादा म्हणतो. दादा त्याला शाळेतून काढून मळ्यावर जुंपतात, कारण पोरगं मळ्यात राबलं की दादा गावभर मोकळे. आई आणि आनंदा रात्री गावातले वजनदार गृहस्थ दत्ताजीराव देसाई यांच्या वाड्यावर जातात, गाऱ्हाणं घालतात, आणि आम्ही येऊन गेलो हे दादांना कळू देऊ नका म्हणून विनवतात. दत्ताजीराव दादांना बोलावून फैलावर घेतात. दादा कबूल होतात, पण अटी घालून. सकाळी ११ वाजेपर्यंत पिकाला पाणी पाजायचं, दप्तर मळ्यातच आणायचं, तिथून शाळेत. शाळा सुटली की तासभर ढोरं चारायची. कामाची गर्दी असेल त्या दिवशी शाळा नाही.

वाचून वाटलं, आनंदाला कुणी एकाने वाढवलेलं नाही. दादांनी अडवलं, आईने चोरून वाट काढली, आणि त्या दोन निर्णयांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पोरगं वाढलं.

माझ्या कथेत अशी जागाच नाही. तुमच्या वाचनातलं असं एखादं मूल सांगा. आईबापांचा निर्णय काय होता, आणि मूल नेमकं कुठे वाढलं?

घाटावरचा

शेवंतीताई, धागा काळजाला भिडला. मी त्याच पट्ट्यातला, कागल-निपाणी रस्त्यालगतच्या एका गावचा. म्हणून झोंबीवर आमच्याकडचं थोडं.

दादांचा गुऱ्हाळाचा हिशेब बघा. त्यांना गावात सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ लावायचं असतं. बाकीच्यांचा गूळ बाजारात यायच्या आत आपला गेला की दर चढा मिळतो. ऊस अजून उभा ठेवला असता तर रस घट्ट झाला असता, गूळ जास्त उतरला असता. हे शेजारच्या मळेवाल्यांना कळतं. दादांना थांबायचं नसतं. आता हाच हिशेब पोराला लावून बघा. पोरगं अजून उभं राहिलं असतं शाळेत, तर घराला दसपट आलं असतं. पण हाताशी आलंय ना, मग तोडा आणि घाला चरकात. लेखकाने हे असं कुठं म्हटलेलं नाही, पण ज्यानं ऊस तोडलाय त्याला ते वाचताना दिसतं.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या भावाला सातवीतून काढलं. त्याला वाड्यावर घेऊन जाणारं कुणी नव्हतं, आणि आमच्या आईत तेवढं बळही नव्हतं. पाणी, ढोरं, तंबाखूची खुडणी यात तो गेला. त्याच्या जिवावर मी शिकलो, हे मी कधी विसरत नाही. चार वर्षांमागं त्याला झोंबी वाचायला दिली. हळूहळू वाचायचा, रोज दोन-तीन पानं, ओट्यावर बसून. आनंदा परत शाळेत जातो तिथवर आला आणि पुस्तक मिटून माझ्याकडं दिलं. "पुढचं तुला ठाव हाय, मला नको," म्हणाला. मी परत कधी विचारलं नाही.

म्हणून एक लक्षात ठेवा, ताई. ज्याची शाळा सुटली तो झोंबी लिहायला उरत नाही. आपण वाचतो त्या सगळ्या गोष्टी निभावलेल्यांच्या आहेत.

जुनी_पायवाट

घाटावरचा, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठीच लॉगिन केलं.

श्यामची आई मधली पोहण्याची रात्र घ्या. श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो. आई त्याला शिंपटीने झोडपत बाहेर काढते. श्यामला विहिरीत लोटलं जातं आणि तो पोहायला लागतो. आमच्या घरात हा प्रसंग दाखला म्हणून द्यायचे. मी ८ वर्षांचा असताना वडिलांनी मला विहिरीत ढकललं, वर काठावर उभे राहून हेच सांगत. मला काढायला माझा चुलतभाऊ उतरला. आज मी ५१ वर्षांचा आहे, गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. मुलीला पोहायला घातलं तेव्हा तलावाच्या बाहेर गाडीत बसून राहायचो.

वडिलांवर माझा राग नाही. त्यांनी त्या पुस्तकातला अर्धाच प्रसंग उचलला होता. गुरुजींच्या आईने मारलं आणि विषय संपला असं नाही. नंतर तीच त्याला जवळ घेते आणि का मारलं ते सांगते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणावं हे तिला सोसत नाही. म्हणजे तिलाही भीती आहे, लोकांच्या बोलण्याची, आणि ती मुलाजवळ ती कबूल करते. माझ्या वडिलांनी ढकललं तेही बहुधा अशाच भीतीने, पण ते कधी बोलले नाहीत. निर्णय तोच होता, पण त्यामागची भीती श्यामला कळली, मला कळली नाही.

शेवंती, तुमच्या कथेतली आई कशाला घाबरते?

शेवंती

तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. चाळीस पानांत ती एकदाही घाबरलेली नाही. वहीत लिहून ठेवलाय.

घाटावरचा, भावांबद्दल वाचून डोळे भरून आले. त्यांनी मिटलेलं ते पान माझ्या डोक्यातून जाणार नाही.

माळव्यातली_मराठी

आम्ही चार पिढ्या इंदूरचे. घरात मराठी, शाळा हिंदीतून. माझ्या लेकीने झोंबी वाचली ती हिंदीतून. एनसीईआरटीच्या बारावीच्या 'वितान' या हिंदीच्या पाठ्यपुस्तकात तिचा एक तुकडा 'जूझ' या नावाने आहे. ती अभ्यास करता करता स्वयंपाकघरात आली आणि मला विचारलं, "आई, आनंदाच्या आईने खोटं बोलून त्याला शाळेत घातलं. मग ते खोटं चांगलं का?"

माझ्या आजीने मला श्यामची आई वाचून दाखवलेली. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, हे मला पाठ. त्यामुळे माझ्या तोंडून पटकन निघालं, "खोटं ते खोटंच." लेक म्हणाली, "मग आनंदाने काय करायला हवं होतं? दादांना खरं सांगायचं आणि मळ्यावरच राहायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर धुणी वाळत घालताना जाणवलं की या दोन आयांची तुलना करताना मी एक गोष्ट विसरत होते. श्यामच्या आईला खरं बोलून मार खावा लागत नाही. आनंदाच्या आईला लागला असता. तिच्या खोट्याची किंमत तिच्या पाठीवर निघणार होती, आणि ते आनंदाला पुरतं माहीत होतं. लेकीला रात्री हे सांगितलं. ती म्हणाली, "हे मी पेपरात लिहू शकत नाही, पण बरं झालं सांगितलंस."

मुलगा खोटं बोलायला शिकला का? मला तसं वाटत नाही. आई आपल्यासाठी किती मोठं पाऊल उचलू शकते, ते त्याने त्या रात्री वाड्यावर पाहिलं. पुढे शाळेत पोरांनी चेष्टा केली, डोक्यावरचा टॉवेल ओढला, तरी तो टिकला, तो त्या रात्रीच्या बळावर असावा.

पानगळ

आता माझं लाडकं पुस्तक. मार्जरी किनन रॉलिंग्ज यांची अमेरिकन कादंबरी, १९३८ ची, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली 'पाडस'. माझ्या पिढीतल्या कित्येकांना तिचं मूळ इंग्रजी नाव नंतर कळलं, इतकी ती आपली झाली.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: फ्लोरिडाच्या झाडोऱ्यातलं बॅक्स्टरांचं एकाकी शेत. बाप पेनी, आई ओरा, एकुलता मुलगा ज्योडी. ओराची ज्योडीच्या आधीची बरीच मुलं गेलेली, त्यामुळे ती कोरडी झालेली, जीव लावायला धजत नाही. पेनीचं उलट. या पोराला थोडं तरी पोरपण मिळावं असं त्याला वाटतं. पहिल्याच प्रकरणात ज्योडी निंदणी टाकून झऱ्यावर जातो, पानांची छोटी पाणचक्की करतो, ती फिरताना बघत तिथेच झोपतो. पेनी त्याला रागावत नाही, उलट त्याची बाजू सांभाळून घेतो. हा पहिला निर्णय.

दुसरा निर्णय पाडसाचा. पेनीला विषारी साप चावतो. विष शोषून घ्यायला तो एक हरणी मारून तिचं काळीज दंशावर लावतो आणि वाचतो. मागे तिचं पाडस उरतं. ज्योडी म्हणतो, आपल्यामुळे ते पोरकं झालं, मी आणतो. पेनी हो म्हणतो. तुमच्या भाषेत, शेवंती, सगळी गोष्ट या एका होकारावर उभी आहे.

पाडस मोठं होतं आणि उभं पीक खायला लागतं. पेनी आजारी, अंथरुणावर. ज्योडी एकटा पुन्हा पेरतो, एकटा उंच कुंपण घालतो, हात सोलवटून घेतो. पाडस कुंपणावरून उडी मारून आत येतं आणि पुन्हा कोंब खातं. वर्षभराचं अन्न गेलं. तेव्हा पेनी ज्योडीला सांगतो, त्याला रानात ने आणि गोळी घाल.

ज्योडीच्याने ते होत नाही. शेवटी आई बंदूक उचलते. तिला नेम येत नाही, पाडस नुसतं जखमी होतं. मग त्याला यातनेतून सोडवायचं काम ज्योडीलाच करावं लागतं. तो बापाला वाटेल ते बोलतो आणि घर सोडून पळतो. भूक म्हणजे काय हे त्याला तेव्हा पहिल्यांदा पोटातून कळतं, आणि बाप कशाला घाबरत होता तेही.

मी हे पुस्तक तीनदा वाचलं. १४ व्या वर्षी पेनीचा भयंकर राग आला. तिशीत ओराचा आला, नेम नसताना बंदूक का उचलली म्हणून. पंचावन्नाव्या वर्षी वाचलं तेव्हा कुणाचाच आला नाही, नुसतं वाईट वाटत राहिलं.

कोथिंबीर

पानगळ, मला पेनीचा अजूनही येतो. स्वतः अंथरुणावर होता हे मान्य. पण आधी 'आण' म्हणणारा बाप तोच आणि नंतर 'मार' म्हणणाराही तोच. मूल जीव लावून बसल्यावर हिशेब करायचा हा अन्याय आहे. हरीण मोठं होणार, पीक खाणार, हे रानात आयुष्य काढलेल्या माणसाला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं?

पानगळ

माहीत असणारच. मला वाटतं, माहीत असूनही तो हो म्हणाला. कारण त्या क्षणी नाही म्हणणं हाही एक घाव होता. त्याने घाव पुढे ढकलला, आणि पुढे ढकललेला घाव मोठा बसला. पेनी चुकला असं तुम्ही म्हणत असाल तर मी भांडणार नाही. पण त्याची चूक प्रेमातून झालेली आहे, आणि म्हणूनच ज्योडी परत येऊ शकतो. परत येतो तेव्हा बाप त्याला मोठ्या माणसासारखं वागवतो, त्याच्याशी सगळं मोकळं बोलतो.

आणि ती पाणचक्की! परतताना ज्योडी झऱ्यापाशी थांबतो, पुन्हा तशीच पाणचक्की करतो. ती फिरते. त्याला काहीच वाटत नाही. बापाने सांभाळून ठेवलेलं पोरपण तिथे संपलेलं असतं, आणि ते पाहायला बाप तिथे नसतो.

बेळगावकर

लंपनशिवाय हा धागा पुरा कसा होणार? प्रकाश नारायण संतांचा 'वनवास', मग 'शारदासंगीत', 'पंखा', 'झुंबर'. लंपन आज्जी-आजोबांकडे राहतो, आईवडील दुसऱ्या गावी. हा निर्णय त्याला विचारून झालेला नाही, आणि संत त्याबद्दल कुठे तक्रारीचा सूर काढत नाहीत. तरी पहिल्या पुस्तकाचं नाव बघा.

मला त्यात आवडतं ते हे की लंपनला आईची आठवण येते ती भलत्याच ठिकाणी, भलत्याच गोष्टीवरून. तो 'आई आठवली' म्हणून रडत बसत नाही. आज्जीची शिस्त, सुमी, शाळा, गाव यांत तो गुंतलेला असतो आणि मध्येच कुठेतरी पोटात खड्डा पडतो. आमच्याकडे अशी पुष्कळ मुलं होती, शिक्षणासाठी आजोळी ठेवलेली. मीही त्यातलाच. आईवडिलांनी ठेवलं ते माझ्या भल्यासाठीच, पण सुट्टी संपून एसटीत बसल्यावर खिडकीतून मागे न बघायची सवय मला तेव्हा लागली, ती अजून सुटलेली नाही.

तिसरा_मजला

सगळं वाचलं. एक गोष्ट टोचतेय. श्याम, आनंदा, ज्योडी, लंपन. सगळे मुलगेच?

मुलींच्या बाबतीत आईबापांचे निर्णय आपल्याकडे खूप आधीपासून लिहिले गेलेत, आणि ते वाचणं जास्त अवघड आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मधली यमू घ्या. ती स्वतःची हकिकत स्वतः सांगते, आणि तिच्या वाढण्याचा जवळजवळ प्रत्येक टप्पा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला असतो. लग्नही बालपणीच. जी काही मोकळी हवा मिळते ती नवऱ्यामुळे, आणि तो गेल्यावर तीही जाते.

दुसरं पुस्तक विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास'. ते १९३३ सालचं. शेवंती, तुम्ही वर लिहिलंत की श्यामची आईही १९३३ मध्येच लिहायला घेतली गेली. एकाच वर्षी एका मराठी माणसाने आईच्या त्यागाची गाथा लिहिली, आणि एका मराठी बाईने, तेही टोपणनावाने, अशा मुली लिहिल्या ज्या शिकल्या, मिळवू लागल्या, आणि मग ज्यांच्या मिळकतीवर घर चालू लागल्यामुळे आईबापांना त्यांचं लग्न लांबवणंच सोयीचं झालं. तिथे बाप मारत नाही, शाळेतून काढत नाही, उलट शिकवतो. त्याचं वाईट वागणं कुठे बोट ठेवून दाखवता येत नाही. तो फक्त काही करत नाही. निर्णय न घेणं हाही निर्णयच असतो, आणि मुलगी त्यात आतल्या आत वाळत जाते.

माझ्या मावशीने २६ वर्षं नोकरी करून घर चालवलं. तिला स्थळ बघायला हवं असं घरात कुणाला कधी सुचलं नाही. सगळे तिच्यावर फार प्रेम करायचे. हे पुस्तक तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली होतं. ती गेल्यावर सापडलं.

तुमच्या कथेत मुलगी आहे म्हणून हे लिहितेय. तिच्या भावाच्या फीचा आणि तिच्या फीचा प्रश्न एकाच महिन्यात आला तर आई काय करेल?

घाटावरचा

तिसरा मजला, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. भावाच्या जिवावर शिकलो असं मी वर लिहिलं, पण आमच्या दोन बहिणींचं नावसुद्धा काढलं नाही. त्या शाळेत कितवीपर्यंत गेल्या ते आठवावं लागलं. आज धाकटीला फोन करून विचारलं. तिसरी.

धाग्याला धरून अजून एक. अण्णाभाऊ साठ्यांची कादंबरी 'फकिरा' (१९५९). तिथं बाप राणोजी दुसऱ्या गावची जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आपल्या गावात आणतो आणि त्यात जिवाला मुकतो. गावाला मान मिळतो, पोराला बाप राहत नाही. फकिरा मोठा होतो तो त्या मानाच्या ओझ्याखाली. गावावर संकट आलं की सगळे राणोजीच्या पोराकडं बघतात. बापानं एकदाच ठरवलं, पण पोराला ते आयुष्यभर पुरवावं लागलं.

पानगळ

दोन दिवस हा धागा डोक्यात आहे. आज झोंबीचा शाळेनंतरचा भाग परत काढून वाचला, आणि शेवंतीच्या 'मूल कुठे वाढलं' या प्रश्नाचं उत्तर तिथे दिसलं असं वाटतंय.

आनंदाला मराठीचे सौंदलगेकर मास्तर भेटतात. ते कविता म्हणून दाखवतात, अभिनय करतात, स्वतःही लिहितात. त्यांच्या दारातल्या मालतीच्या वेलीवर त्यांनीच केलेली कविता आनंदा वाचतो. वेल त्याने पाहिलेली, कविता आता ऐकली, आणि कवी म्हणजे आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो हे त्याच्या ध्यानात येतं. मग तो मळ्यात पाणी पाजताना, ढोरं चारताना कविता म्हणायला लागतो, करायला लागतो. कागद-पेन्सिल नसेल तेव्हा काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी ओढतो, दगडावर खरडतो. पूर्वी मळ्यातला एकटेपणा त्याला खायला उठायचा. आता एकटं असलेलंच बरं वाटतं, मोठ्याने म्हणता येतं, नाचता येतं.

बघा ना, मळ्यातलं ते एकटेपण दादांनी दिलेलं आहे. शिक्षा म्हणून, आपल्या सोयीसाठी. शाळा आईने मिळवून दिलेली आहे. पण म्हशीच्या पाठीवरच्या ओळी दोघांनीही पाहिलेल्या नाहीत. ज्योडी झऱ्यावर एकटा. लंपनच्या पोटातला खड्डा आज्जीला दिसत नाही. श्यामच्या आईचा शेवट होतो तेव्हा श्याम जवळ नसतो, आणि ज्याला आपण श्यामची आई म्हणतो ती गोष्ट सांगणारा माणूस त्यानंतर घडतो. आईबाप मुलाला एका जागी नेऊन सोडतात, किंवा ढकलतात. त्या जागी पुढे काय होतं ते त्यांच्या नजरेआड होतं.

शेवंती, तुमच्या चाळीस पानांत असा एक तरी प्रसंग आहे का, जिथे आई नाही?

सूप_आणि_दोरा

नवीन सभासद. सोलापूरची आहे, म्हणून लिहायचं धाडस करते. माझी आई आणि दोन्ही मावश्या विड्या वळायच्या.

कथेला उपयोग होईल म्हणून सांगते. पानं रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा तुकडा ठेवून त्या मापाने कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. मजुरी हजार विड्यांवर. आम्हा मुलींचं काम शाळेतून आल्यावर दोरा बांधायचं आणि तोंडं मुडपायचं. कारखान्यात द्यायला गेल्यावर काही विड्या नापास करून बाजूला टाकायचे, त्याचे पैसे नाहीत, पण पान आणि तंबाखू मात्र हिशेबात धरलेलं. आई त्या दिवशी घरी येऊन कुणाशी बोलायची नाही.

सगळ्यात जास्त आठवतो तो वास. बोटांना तंबाखूचा वास, तो साबणाने जात नाही. माती चोळायची, चिंच चोळायची, तरी राहायचा. वर्गात शेजारच्या मुलीने नाकाला रुमाल लावला होता एकदा. ती वाईट मुलगी नव्हती, तिला खरंच शिंक येत होती.

आईला हे मी कधी सांगितलं नाही. तिच्या हातांना तोच वास होता.

शेवंती

सूप आणि दोरा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि पहाटेपर्यंत लिहीत बसले. तुमची परवानगी असेल तरच ठेवेन.

चाळीसातली एकतीस पानं काढून टाकली. आई आता घाबरते. कारखान्याने हिशेबाचं कार्ड काढून घेतलं तर, याला ती घाबरते. त्यामुळे मुलीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या आठवड्यात जादा हजाराचं काम ती नाकारत नाही, आणि रात्री काही न बोलता मुलीसमोर दुसरं सूप ठेवते. भावासमोर ठेवत नाही. का नाही, हे ती सांगत नाही, मुलगी विचारत नाही. तिसरा मजला, ते तुमच्यामुळे आलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाई फळ्यावर गणित घालतात. तसलं गणित मुलगी आदल्या रात्री दोरे बांधता बांधता मनात सोडवत होती, पंचवीस-पंचवीसच्या जुड्यांनी. उत्तर तिला येतं, वर्गात आणखी कुणालाच येत नाही. बाई विचारतात, "कोण सांगतंय?" ती हात वर करत नाही. मग बाई पाठमोऱ्या झाल्यावर उठते, फळ्यापाशी जाते, आणि खडूची भुकटी दोन्ही तळव्यांना चोळते.

इथपर्यंत लिहून झालंय. आई या प्रसंगात नाही आणि पुढेही तिला हे कळणार नाही.

सूप_आणि_दोरा

ठेवा ताई. खडूचं आम्ही पण करायचो.